मीटर बिघडलाय का?

प्रश्न : बाबांना स्वादुपिंडाचा जुना दाह आहे. उपाशीपोटी साखर ९८, पण जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मीटरवर २४०. मीटर बिघडलाय का? पचनासाठीच्या एन्झाइमच्या कॅप्सूल चालू असताना शौचाची इलास्टेज (स्वादुपिंडातलं एक पाचक एन्झाइम) तपासणी चालेल का?

उत्तर : आधी बोटं बघा. आंबा कापलेल्या हाताने टोचलं तर आकडा खुशाल फुगतो. साबणाने हात धुऊन, कोरडे करून बोटाच्या कडेला टोचा. फार पिळू नका. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमटपणाने त्या खराब होतात. एवढं करूनही २४०च्या आसपासच आलं, तर मीटरला दोष देऊ नका. या आजारात उपाशीपोटीची साखर बरी आणि जेवणानंतरची चढलेली असू शकते. प्रयोगशाळेत खात्री करून डॉक्टरांना दाखवा.

पुढे इन्सुलिन लागलंच, तर साखर उतरण्याची धास्ती जास्त, कारण ती वर आणणारं ग्लुकागॉन हे संप्रेरकही कमी पडतं. ७०च्या खाली गेली आणि ते शुद्धीत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

इलास्टेजसाठी कॅप्सूल सहसा बंद कराव्या लागत नाहीत. नेहमीची चाचणी माणसाचंच इलास्टेज मोजते, कॅप्सूलमधलं डुकराचं नव्हे. पाण्यासारख्या जुलाबाचा नमुना मात्र देऊ नका, आकडा खोटाच कमी येतो.