मुलगी पाठीचा व्यायामच करत नाही, काय करू?

पाठीच्या कण्याला एका बाजूला बाक (स्कोलिओसिस) असलेल्या मुलामुलींचे आईवडील सांगलीत माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. मग हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो, "लग्नाचं कसं होणार?"

आठवीतली एक मुलगी. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर 22 अंशांचा बाक मोजला, फिजिओथेरपी लिहून दिली. आई म्हणाली, "जड दप्तरानंच झालं असणार. माझंच दुर्लक्ष झालं." दप्तरानं किंवा वाकून बसल्यानं हा बाक येत नाही, या वयात बहुतेकदा कारण सापडतच नाही, एवढं सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ रडल्या.

मुलीला मी एकटीला विचारलं, "घरात दिवसभर काय ऐकू येतं?"

"सरळ बस. जेवताना, अभ्यासाला, टीव्हीसमोर. पाहुणे असले की आई डोळ्यांनी म्हणते."

तिच्या लेखी व्यायाम म्हणजे त्याच 'सरळ बस'चा आणखी अर्धा तास होता. मूल हट्टी असतं म्हणून टाळत नाही. आपलं शरीर दुसऱ्यांच्या ताब्यात गेलंय असं वाटतं म्हणून टाळतं, असं माझं ठाम मत आहे.

मी तिला जर्मनीतल्या कॅथरिना श्रोथ यांच्याबद्दल सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या पाठीला बाक होता. शाळकरी वयात पाठीला आधार देणारा पट्टा (ब्रेस) सोसला, मग आरशात बघत, बरगड्यांच्या दबलेल्या बाजूत श्वास भरत त्यांनी आपले व्यायाम आपणच शोधले आणि 1921 मध्ये इतरांसाठी केंद्र काढलं.

"तिला कुणी करायला लावलं नव्हतं?"

"नाही."

ती गप्प बसली. मग फिजिओनं दाखवलेल्या दबलेल्या बाजूवर तिनं स्वतःच तळहात ठेवला, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा बोटं वर उचलली गेली. "मॅडम, हललं!" असे क्षण घडायला जागा ठेवणं, हेच माझं काम मी मानते.

त्यानंतर व्यायामाची वेळ तिनं ठरवली, दारही तिनंच लावलं. आईनं फक्त टोकणं सोडलं.

पालकांनो, व्यायामानं कणा रुळासारखा सरळ होईल अशी आशा मुलाला दाखवू नका. उंची वाढत असताना बाक वाढू नये, ठेवण आणि श्वास सुधारावा, यासाठी तो असतो. वाढीच्या वयात बाक 25 अंशांपुढे गेला तर डॉक्टर बहुधा पट्टा सुचवतात. तो रोज जितके तास घातला जाईल तितका उपयोग. 45-50 च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणून तपासणी चुकवू नका आणि हाडं 'बसवून' देणाऱ्यांकडे जाऊ नका. सौम्य बाक असलेल्या बायकांचा संसार आणि बाळंतपण इतरांसारखंच होतं, तेव्हा लग्नाची काळजी मुलीच्या कानावर घालू नका.

पुढच्या एक्स-रेत 24 अंश आले. आई घाबरून मला फोन करत होती, तर मागून मुलीचा आवाज आला, "आई, पाच अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातलाही असतो. डॉक्टरांना विचारलंय मी."