कापडाला कापडच राहू दे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तू लुगड्याच्या पट्ट्यांपासून केलेल्या बैलाचे फोटो मिळाले. हात नेटका आहे तुझा. पण तारेच्या सांगाड्यावर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या पट्ट्या चढवल्यास आणि लुगड्याचा पुठ्ठा झाला. मग रद्दी पेपर वापरूनही हाच बैल झाला असता. ते आजीचं लुगडं होतं असं तू लिहितेस, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

तू बडोद्यात शिकतेस, तेव्हा शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचं काम नीट अभ्यास. इथल्याच फाइन आर्ट्समध्ये चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली त्या शिकल्या. रंगवलेल्या दोरीला हाताने गाठी मारत त्यांनी माणसाहून उंच शिल्पं उभी केली. माग नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही. दोरीचं वजन, तिचं लोंबणं त्यांनी लपवलं नाही. माझ्या मते त्यांचा आकार तिथूनच येतो.

म्हणून दुसरं लुगडं हाती घेशील तेव्हा आधी कात्री बाजूला ठेव. पदराकडच्या आडव्या कडेला छोटा छेद दे आणि लांबीच्या दिशेने फाड. धाग्याच्या रेषेत सरळ, आठेक मीटरची सलग पट्टी निघते, कडेला दशा सुटतात. त्या कापू नकोस. वळण हवं तिथे मात्र कापड तिरकं काप. तिरकी पट्टी ताणते आणि गोलाईवर बसते. मग पीळ दे, वेणी घाल, गाठी मार, आणि महिनाभर टांगून ठेव. सुती कापड स्वतःच्या वजनाने उतरतं. झोल कुठे पडतो ते बघ आणि मगच दाभण उचल.

मांडवीकडच्या शिंप्यांकडून कातरण आणशील, त्यात भेसळ असते. दोन धागे चिमट्यात धरून पेटव. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. घरगुती रंग त्यावर चढत नाही.

भंगारातलं लोखंड जरूर वापर, पण पावसाळ्यात त्याचा गंज सुतात उतरतो. डाग सुंदर दिसतात, मलाही आवडतात, पण तिथलं कापड लवकर विरतं. भार पेलणारी गाठ तिथे नको. खळ तर लावूच नकोस, कसर लागते.

बैल मोडू नकोस. रविवारी नुसत्या पट्ट्या घेऊन ये, काय करायचं ते ठरवून येऊ नकोस. माझ्याकडे छताला हुक आहे, तिथेच सुरुवात करू.

तुझा,
सर