आधी टीवायची परीक्षा दे

*ताई, मी कळव्यात राहतो. वय साडेवीस, टीवाय बीएस्सीला आहे, फिजिक्स. बाबा बसचालक आहेत, आई घरी शिकवण्या घेते, धाकटी बहीण अकरावी सायन्सला. मला लहानपणापासून पायलट व्हायचंय. फ्लाइंग स्कूलचा खर्च ऐकून बाबा गप्प झाले आणि आठवड्यानं म्हणाले, पाटणची जमीन विकायला काढू या. तेव्हापासून मला झोप लागत नाही. न्यू जर्सीचा मावसभाऊ सांगतो, तिकडे नॅशनल गार्डमध्ये साधा सैनिक म्हणून भरती व्हायचं, महिन्यातून एक शनिवार-रविवार ड्यूटी करायची, पुढे तेच पायलट करतात, एक पैसा लागत नाही. आपल्याकडे तशीच टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए, आहे. धोनी त्यातूनच विमानातून उड्या मारायला गेला. मी ठरवलंय, शेवटचं सेमिस्टर सोडून टीएच्या भरतीला जायचं, नाहीतर अग्निवीर व्हायचं. घरी काही बोललो नाही. आईला वाटतं मी अभ्यास करतोय. बरोबर करतोय ना?*

सेमिस्टर सोडू नकोस. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते. टीएला जायचं असेल तरी सोडू नकोस, हवाई दलात जायचं असेल तरी नको. साडेवीसाव्या वर्षी तुला सैन्यातलं विमान उडवायला नेणाऱ्या वाटांवर पहिल्यांदा पदवीच विचारतात, आणि ती हातात यायला तुझे काही महिनेच उरलेत.

मावसभाऊ खोटं बोललेला नाही, अर्धं बोललाय. अमेरिकेत एअर नॅशनल गार्डमध्ये किंवा हवाई दलाच्या राखीव दलात साधा सैनिक म्हणून भरती होता येतं. कॉलेजच्या फीला मदत मिळते. या तुकड्या आपले पायलट स्वतःच निवडतात, त्यामुळे त्याच तुकडीत मन लावून काम केलेल्या ओळखीच्या मुलाला फायदा होतो, हेही खरं. पण कॉकपिटमध्ये बसण्याआधी त्या मुलाला पदवी पुरी करून अधिकारी व्हावंच लागतं. अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि प्रशिक्षण संपलं की दहा वर्षांच्या सेवेचं बंधन येतं. म्हणजे तुझा मावसभाऊ ज्या मुलांबद्दल सांगतोय, त्यांनीही पदवी सोडली नाही. उलट भरती झाले आणि पदवी मिळवली.

आपली प्रादेशिक सेना, म्हणजे टीए, मुळात दुसऱ्याच कामासाठी आहे. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या नागरिकानं वर्षातला काही काळ वर्दी घालायची आणि देशाला गरज पडली की पूर्णवेळ हजर व्हायचं, अशी तिची कल्पना. तिच्यात पायदळाच्या बटालियन आहेत, उजाड डोंगरांवर झाडं लावणाऱ्या इकॉलॉजिकल बटालियन आहेत, रेल्वे आणि तेल कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांच्या तुकड्या आहेत. विमान उडवणारी शाखा तिच्यात नाही. धोनी टीएत लेफ्टनंट कर्नल आहे, पण ते पद मानद आहे. त्यानं पॅराशूटच्या उड्या खरोखरीच्या मारल्या आणि त्यासाठी मेहनतही घेतली, पण विमान चालवणारा माणूस दुसरा होता. हवाई दलासाठी राखीव आणि सहाय्यक दलाचा कायदा १९५२ साली झाला होता, त्या काळी सहाय्यक स्क्वॉड्रनही उभ्या राहिल्या, पण तुझ्या-माझ्यासारख्यांना त्या वाटेनं जायला आज ती वाट उरलेली नाही.

शिवाय टीएत अधिकारी व्हायचं तर उमेदवार पदवीधर हवा आणि कमावता हवा. वय १८ ते ४२ चालतं. हे नीट वाच. तू आज पदवी सोडलीस तर टीएचं अधिकारीपदही सोडतोस. पदवी घेऊन नोकरीला लागलास तर ती संधी पुढची वीस वर्षं तुझी आहे. तिकडे आत्ता धावत जाण्याची घाई कशाला?

अग्निवीरचा हिशेबही मांडून बघ. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलं कायम होतात. अग्निवीरवायू, म्हणजे हवाई दलातला अग्निवीर, झालास तरी पायलट होत नाहीस. बाहेर येशील तेव्हा तू पंचविशीत असशील, आणि हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी वयाची मर्यादा २४ आहे. कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात असेल तरच ती २६ पर्यंत जाते. सैनिक होण्यासाठीच अग्निवीर व्हायचं असतं तर मी तुला अडवलं नसतं. पायलट होण्यासाठी अग्निवीर होणं म्हणजे त्या चार वर्षांत आपलाच मार्ग बंद करून घेणं आहे.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ, कारण ते तुला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही झालेत. पदवीला ६० टक्के मिळाले की एएफकॅट, म्हणजे हवाई दलात अधिकारी होण्याची परीक्षा, देता येते. ती वर्षातून दोनदा होते. यूपीएससीची सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांत अधिकारी होण्यासाठीची परीक्षा, तीही वर्षातून दोनदा होते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अर्ज करता येतो. लेखी परीक्षा पार झाली की डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर किंवा वाराणसीच्या निवड मंडळासमोर मुलाखत आणि चाचण्या असतात. त्यातली पायलट होण्याची क्षमता तपासणारी संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालास तर फ्लाइंग शाखेचा विषय तिथं संपतो. म्हणून पहिल्या बोलावण्याला बॅग उचलून, रात्रभर जागून, अर्ध्या तयारीनं जाऊ नकोस. निवड झाली तर हैदराबादजवळच्या डुंडिगलला प्रशिक्षण, आणि त्याच्या शेवटच्या वर्षी महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन. बाबा जमीन विकून तुला जे शिकवायला निघालेत, ते शिकताना हे लोक तुला पैसे देतात.

लष्कराची हेलिकॉप्टरंही अधिकारीच उडवतात, आणि त्यांचं प्रशिक्षण आपल्या नाशिकच्या गांधीनगरला होतं. तीही वाट सीडीएसमधून जाते.

तयारीसाठी क्लासला लाख रुपये भरू नकोस. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं महाराष्ट्रातल्या मुलांसाठी सीडीएसचे आणि मुलाखतीच्या तयारीचे वर्ग चालतात, राहणं-जेवण-शिकवणं सगळं मोफत. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होतो. ठाण्याचं कार्यालय तुझ्यापासून एका स्टेशनवर आहे. कुठल्या परीक्षेनंतर कोणत्या वर्गाला घेतात हे समोर बसून विचारून ये. ही सोय किती मुलांना माहीतच नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि सगळ्यात आधी डोळे तपासून घे. नंबर, रंग ओळखणं, दोन्ही. फ्लाइंग शाखेचे निकष कडक आहेत. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, पायांच्या लांबीचंही माप ठरलेलं आहे. नागरी उड्डाणात चष्मा चालतो, हवाई दलाच्या कॉकपिटसाठी लवकर चालत नाही. हे आज कळलं तर तुझी दोन वर्षं वाचतील.

एक गोष्ट मात्र स्वतःला विचार, आणि उत्तर मला नको कळवूस. हवाई दल हे बिनपैशाचं फ्लाइंग स्कूल नाही. शॉर्ट सर्व्हिसमधून, म्हणजे ठरावीक वर्षांच्या सेवेसाठी, गेलास तरी फ्लाइंग शाखेत १४ वर्षं द्यावी लागतात. बदल्या, सीमेजवळचे तळ, आईबाबांपासून लांब, आणि वेळ आली तर प्रत्यक्ष लढाई. तुझ्या पत्रात विमान खूप ठिकाणी आहे, देशाची सेवा हा शब्द एकदाही नाही. त्यात कमीपणा काही नाही. फक्त उडायचंच असेल तर नागरी लायसन्स ही तितकीच सन्मानाची वाट आहे. पण वर्दी घालायची तर ती फी वाचवण्यासाठी घालू नकोस. निवड मंडळासमोर पाच दिवस बसल्यावर ते लोक हेच शोधत असतात.

आता जमीन. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण, डीजीसीए या सरकारी उड्डाण नियामकाचे पेपर आणि मेडिकल लागतं. खर्च ५० लाखांच्या आसपास किंवा वर जातो, आणि एअरलाइनला लागणारं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण, त्यापुढे वेगळं. एवढं करूनही नोकरी लगेच मिळेल याची हमी कुणी देत नाही. पण त्या लायसन्सला २४ ची मर्यादा नाही. सरकारी खर्चानं शिकवणाऱ्या वाटा मात्र २४ ला बंद होतात. म्हणून क्रम उघड आहे. आधी वयाचं बंधन असलेल्या वाटा चालून बघ, जमिनीला तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तीन वर्षांनी तुझ्याकडे पदवी असेल, थोडी कमाई असेल, आणि मेडिकलचा निकाल हातात असेल. तेव्हा कर्ज किती, जमीन किती, काहीच नको का, हे बाबांबरोबर कागदावर मांडता येईल. फिजिक्स-मॅथ्सची बीएस्सी असेल तर विमानतळ प्राधिकरणात एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या कनिष्ठ अधिकाऱ्याची परीक्षा २७ पर्यंत देता येते. तीही बघून ठेव. पायलट होण्याच्या बदल्यात म्हणून सांगत नाही. घरात पगार येऊ लागला की तुझ्या छातीवरचं ओझं कमी होईल, म्हणून सांगते.

कारण मला वाटतं, तुझी झोप उडालीय ती पायलट होण्यामुळे नव्हे, त्या जमिनीमुळे. बाबांनी एकदाच वाक्य उच्चारलं आणि तू त्यांना नाही म्हणू शकला नाहीस, हो म्हणू शकला नाहीस. मग तू असा रस्ता शोधलास ज्यात त्यांना काही विकावं लागणार नाही आणि तुला त्यांच्याशी बोलावंही लागणार नाही. मुलं असंच करतात, चांगली मुलं तर हमखास. पण चोरून सोडलेलं सेमिस्टर आईला जूनमध्ये कळेलच, आणि त्या दिवशी तिला निकालापेक्षा तू लपवलंस याचंच जास्त लागेल.

बाबांची सुट्टी असेल त्या दिवशी दोघांसमोर बस. आईला बाजूला ठेवून बाबांशी बोलू नकोस, घरातले हिशेब तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतात. म्हण, बाबा, जमीन तीन वर्षं विकायची नाही, मला सरकारी परीक्षा द्यायच्यात, फॉर्म आणि तारखा या. त्यांनी तुझ्यासाठी जमीन काढायची तयारी दाखवली, त्याबद्दल तुला काय वाटलं तेही सांग. बसचालक बापाला मुलाच्या तोंडून हे ऐकायला किती दिवस मिळत नाही, ते तुला ठाऊक नाही.

बहिणीचा तू एकाच ओळीत उल्लेख केलायस. अकरावी सायन्सला असेल आणि फिजिक्स-मॅथ्स घेतलं असेल तर तिला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा, सांग. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर ती परीक्षा मुलींनाही खुली झालीय. बारावीत असताना देता येते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. तिलाही विमान आवडतं का, हे घरात कुणी विचारलंय का?

– तुझी ताई