लिमिट ऑर्डरवर काम करायला परदेशी निघताय तर

तुमचा प्रश्न असा होता: संख्याशास्त्रात एमएस्सी झालंय, लिमिट ऑर्डरच्या (म्हणजे ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच खरेदी-विक्री करायच्या ऑर्डरच्या) मॉडेलिंगमध्ये पीएचडी करायची आहे, लंडन, पॅरिस की न्यू यॉर्क, आणि निघण्याआधी काय शिकावं?

मी लंडनमध्ये असलो तरी निव्वळ या विषयासाठी पॅरिसच म्हणेन. बुशो, मेझार आणि पॉटर्स यांनी २००२ मध्ये पॅरिस शेअर बाजाराच्या ऑर्डर बुकचा, म्हणजे थांबलेल्या ऑर्डरींच्या यादीचा, सांख्यिकी अभ्यास केला, तेव्हापासून तिथे ही परंपरा आहे. पण शहरापेक्षा डेटा महत्त्वाचा. प्रत्येक ऑर्डर लागली कधी, रद्द किंवा पूर्ण झाली कधी, हे सांगणारा डेटा विभागाकडे आहे का, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. नुसते सौद्यांचे भाव पुरत नाहीत. त्यांवरून काढलेले ऑर्डर भरण्याचे काल्पनिक वेळ प्रत्यक्षाशी फारच कमी जुळतात, हे लो, मॅकिनले आणि झांग यांनी २००२ मध्येच दाखवलंय.

शिकायचं म्हणाल तर सर्व्हायव्हल ॲनालिसिस, म्हणजे एखादी घटना घडायला किती वेळ लागतो याचं संख्याशास्त्र, तेही शक्यतो वैद्यकीय संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांकडून. बहुतेक लिमिट ऑर्डर भरल्या न जाता रद्द होतात. नवखा माणूस त्यांना ‘सेन्सर्ड’ (पुढे काय झालं असतं ते कळलं नाही अशा) धरतो आणि किती वेळात किती ऑर्डर भरतात हे दाखवणारा कॅप्लान-मायरचा आलेख काढून मोकळा होतो. पण ऑर्डर रद्द होण्याचा तिच्या भरण्याच्या शक्यतेशी संबंध नाही, हे त्यात गृहीत असतं. इथे तर भाव दूर गेला म्हणूनच लोक ऑर्डर काढून घेतात! म्हणजे ज्यांची भरण्याची आशा कमी त्याच गळतात, आणि आलेख भरण्याची शक्यता फुगवून दाखवतो. कॉम्पिटिंग रिस्कची मांडणी पक्की करा; तिच्यात भरणं आणि रद्द होणं हे एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन शेवट धरतात. एकाच भावाला थांबलेल्या ऑर्डरींच्या रांगेतला क्रमांक आणि त्या रांगेची लांबी वेळेनुसार बदलणारे चल म्हणून घ्यायला शिका. शिवाय चटकन भरलेली ऑर्डर चांगलीच असं नाही. खरेदी होते आणि भाव आणखी खाली जातो, हे नेहमीचंच.

पॉयसाँ प्रक्रियेवरचं, म्हणजे ऑर्डरी एकमेकींपासून स्वतंत्रपणे येतात असं धरणारं, काँट, स्टॉइकॉव्ह आणि तालरेजा यांचं २०१० चं मॉडेल स्वतः कोड करून बघा. खऱ्या ऑर्डरी झुंडीने येतात. एक घटना पुढच्या घटनांची शक्यता वाढवते असं मानणारी हॉक्स प्रक्रिया का लागते ते तिथेच कळेल.

पीएचडीऐवजी थेट ट्रेडिंग कंपनीत गेलात तर डेटा भरपूर मिळेल, पण तिथलं काम सहसा छापता येत नाही. व्हिसा कंपनीशी बांधलेला असेल, तर नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे किती काळ जाता येणार नाही हे कलम सही करण्याआधी वकिलाला दाखवा.