छापील विधी विश्वकोश वाचण्यात वेळ घालवावा का?

प्रश्न : मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये वरिष्ठ वकील प्रत्येक मुद्द्यासाठी आधी ग्रंथालयातील विधी विश्वकोशाचे खंड पाहायला सांगतात. सगळे निवाडे संगणकावर मिळत असताना हे शिकून करिअरमध्ये काही उपयोग होईल का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. ठरावीक निवाडा किंवा कलम हवे असेल, तर संगणकच सोयीचा. परंतु संशोधन सुरू करताना नेमके काय शोधायचे हेच बहुधा ठाऊक नसते आणि त्या टप्प्यावर कायद्याची विषयवार मांडणी करणाऱ्या विश्वकोशाइतकी मदत दुसरे काही करत नाही, म्हणून तुमच्या वरिष्ठांचा आग्रह मला योग्य वाटतो.

समजा, दुरुस्तीला दिलेले घड्याळ दुकानातून चोरीला गेले आणि ग्राहकाला भरपाई हवी आहे. सूचीत ‘घड्याळ’ पाहून काही हाती लागणार नाही, आणि ‘चोरी’ पाहिलेत तर फौजदारी कायद्याच्या खंडात जाऊन पडाल. ठरावीक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सोपवली आहे, म्हणजे हा बेलमेंटचा विषय आहे, हे ओळखले की सूचीतून खंड आणि परिच्छेद सापडतो. मात्र थेट त्या परिच्छेदावर जाऊ नका. प्रकरणाच्या आरंभीची उपविषयांची यादी आधी सावकाश वाचा. वस्तू घेणाऱ्याने किती काळजी घ्यायची, करारातील अटींनी त्याची जबाबदारी कमी होते का, पुराव्याचा भार कोणावर, असे मुद्दे तिथे ओळीने मांडलेले असतात. यांतला शेवटचा मुद्दा तुमच्या मूळ प्रश्नात नव्हताच. इंग्लंडच्या कॉमन लॉनुसार, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या कायद्यानुसार, अशा प्रसंगी आपल्या निष्काळजीपणामुळे वस्तू गेली नाही, हे सर्वसाधारणपणे ती ताब्यात घेणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते, आणि दाव्याची सारी मांडणी त्याने बदलते. संगणकावर आपण टाकलेल्या शब्दांची उत्तरे मिळतात. न सुचलेला प्रश्न अशा यादीतच भेटतो.

त्यानंतर मजकुराइतक्याच काळजीने तळटीपा वाचा, कारण कलमे आणि निवाडे तिथेच दिलेले असतात आणि ते मुळातून वाचल्याशिवाय काम पुरे होत नाही. विश्वकोश हा दुय्यम आधार आहे. 1907 ते 1917 या काळात पहिली आवृत्ती निघालेल्या ‘हॅल्सबरीज लॉज ऑफ इंग्लंड’ या विश्वकोशाचा उल्लेख न्यायालये निकालपत्रांत करतात हे खरे, पण त्यातील विधान त्यांच्यावर बंधनकारक नसते. शिवाय तो इंग्लंड आणि वेल्सचा कायदा सांगतो, तर ‘कॉर्पस ज्युरिस सेकंडम’ आणि ‘अमेरिकन ज्युरिसप्रुडन्स’ अमेरिकेचा. आपल्या न्यायालयासमोरच्या प्रश्नाला दुसऱ्या देशाचे तत्त्व लागू पडते का, हे तपासण्याची जबाबदारी तुमचीच.

नवखे विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते अद्ययावततेच्या बाबतीत. खंड छापला त्या दिवशीचा कायदा त्यात असतो. पुढचे बदल अमेरिकी संचांत ‘पॉकेट पार्ट’मध्ये, म्हणजे मागच्या पुठ्ठ्याच्या खाचेत बसवलेल्या पुरवणीत देतात, हॅल्सबरीत त्यासाठी वार्षिक एकत्रित पुरवणी आणि तिच्यानंतरच्या घडामोडींसाठी ‘नोटर-अप’ असते. मूळ परिच्छेद वाचून झाला की पुरवणीत त्याच खंडाचा तोच परिच्छेद काढून पाहिलाच पाहिजे. तिथे काहीच सापडले नाही, तरी पुरवणी कोणत्या तारखेपर्यंतची आहे याची नोंद करा आणि तिथून आजपर्यंतचा काळ संगणकावर तपासा. तुमच्या ग्रंथालयाने पुरवण्या घेणे बंद केले असेल, तर ते खंड फक्त विषयाची मांडणी समजून घेण्यापुरते वापरावेत.

आता करिअरविषयी. वकिलांच्या कार्यालयात, न्यायाधीशांचे संशोधन सहायक म्हणून किंवा कायदेविषयक प्रकाशनात, कुठेही गेलात तरी मुद्दा नेमका मांडणे, त्याला आधार देणे आणि तो आधार आजही टिकून आहे याची खात्री करणे, हेच तुमच्याकडून अपेक्षित असेल. पुढे छापील खंड हाती आले नाहीत तरी ही शिस्त कामी येईल, कारण हे विश्वकोश संगणकावर वाचतानाही हाच क्रम पाळावा लागतो. तेव्हा वरिष्ठांनी दिलेल्या प्रत्येक मुद्द्यावर पानभर टिपण लिहा : प्रश्न, पाहिलेला परिच्छेद, मुळातून वाचलेले निवाडे आणि कायदा कोणत्या तारखेपर्यंत तपासला ती तारीख. त्यांतील दोन-तीन चांगली टिपणे वरिष्ठांच्या परवानगीने, पक्षकारांची ओळख पटेल असा सर्व तपशील काढून, नोकरीच्या अर्जासोबत नमुना म्हणून जोडता येतील.