अक्षरे ओळखते, पण शब्द वाचता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची असून मोठ्या शिशुवर्गात आहे. ‘क कमळाचा’पासून सगळी मुळाक्षरे ती न चुकता ओळखते; परंतु परवा ‘मगर’ हा शब्द तिने ‘म, ग, र’ असा सुटा वाचला आणि शेजारच्या चित्राकडे पाहून ‘सुसर’ असे सांगितले. तिच्याकडून लेखनाचा सराव वाढवून घ्यावा का?
— एक आई, सातारा

उत्तर : लेखन तूर्त वाढवू नये. आपली मुलगी अक्षरे डोळ्यांनी ओळखते. बोललेला शब्द कोणत्या ध्वनींनी बनला आहे हे कानाने ओळखण्याची जाण मात्र अजून पक्की व्हायची आहे. शिवाय सुटे वाचताना ‘र’ पूर्ण उच्चारला जातो आणि ‘मगर’ म्हणताना तो ‘र्’ असा तोकडा ऐकू येतो, त्यामुळे तिन्ही अक्षरे बरोबर वाचूनही ओळखीचा शब्द तिच्या कानावर पडलाच नाही.

पोळ्या लाटताना किंवा शाळेच्या वाटेवर, पुस्तक न उघडता, रोज पाच-दहा मिनिटे तिच्याशी खेळावे. ‘मगर’मधला ‘म’ लपवला तर काय उरले, असे विचारावे. ‘गर’ असे उत्तर आले की आंब्याच्या गराची आठवण करून द्यावी आणि त्याच ‘गर’च्या आधी ‘न’ किंवा ‘सा’ जोडून कोणता शब्द होतो ते तिलाच शोधू द्यावे.

हे जमू लागल्यावर अक्षराच्या आत शिरावे. आपल्या लिपीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात मिसळलेले असल्याने ‘दा’मध्ये ‘द्’ आणि ‘आ’ असे दोन ध्वनी आहेत, हे या वयात सहजी उमगत नाही. ‘दार, दोर, दूर’ असे लागोपाठ म्हणून काय बदलले ते विचारावे. ‘वारा, तारा, गारा’ यांत काय तसेच राहिले, तेही विचारावे. बाराखडी नुसती घोकण्यापेक्षा अशी कानाने ऐकली, तर ती फार उपयोगी पडते. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांचे पहिले आवाज वेगळे आहेत असे ती म्हणाली, तर कृपया तिला चूक ठरवू नका. अक्षर एकच असले तरी उच्चार दोन आहेत आणि तिने तो फरक अचूक टिपलेला असतो.

2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानातही समजून वाचता येण्यासाठी तिसरीअखेरपर्यंतचा काळ धरला आहे, त्यामुळे उशीर झाला असे मानू नये. मात्र तिचा कान वारंवार दुखत असेल किंवा तिला दोन-दोनदा हाक मारावी लागत असेल, तर श्रवणतपासणी आधी करून घ्यावी.