दारावरचं 'म्ना', शब्दकोशातलं 'ब्यान'

प्रश्न : आयर्लंडमध्ये स्वच्छतागृहांच्या दारांवर 'फिर' (पुरुष) आणि 'म्ना' (बायका) असं लिहिलेलं असतं. शब्दकोशात मात्र बाईला 'ब्यान' म्हटलंय. हा एकच शब्द आहे का? 'बॅन्शी'शी त्याचा काही संबंध?

उत्तर : शब्द एकच. (एफ म्हणजे फीमेल, एम म्हणजे मेल असं धरून पर्यटक नेमके उलट्या दारात शिरतात, तो भाग वेगळा.)

संस्कृत आणि आयरिश या दोघींची आदिभाषा म्हणजे इंडो-युरोपीय; तिच्यातल्या मूळ शब्दाच्या आरंभी 'ग्व'सारखं व्यंजन होतं. संस्कृतात त्याचा ग किंवा ज झाला, आयरिशमध्ये ब. म्हणून आपली 'गो' तिकडे 'बो', आपला 'जीव' तिकडे 'ब्यो', म्हणजे जिवंत. त्याच हिशेबाने वैदिक 'जनि' (बाई, बायको) आणि 'ब्यान' एका घरातल्या. आता ऋग्वेदातल्या देवस्त्रिया आठवा : 'ग्ना'. मधला स्वर गळालेला. आयरिशमध्येही तो गळाला, 'ब्ना' उरलं, आणि शेजारच्या न ने ब ला नाकात बोलायला लावलं. झालं 'म्ना'! पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे तर सर्रास 'म्रा' म्हणतात. लिहिताना न च.

लिंग अर्थातच स्त्रीलिंग. 'अर्थातच' म्हणालो खरा, पण मुलगी या अर्थाचा 'कॅलीन' व्याकरणात पुल्लिंगी आहे, तेव्हा जपून. 'म्ना' दुहेरी काम करतं : 'बायका' आणि 'बाईचा, बाईची' दोन्ही. 'बायकांचा' म्हणायचं तर 'बन'. त्याच्याआधी 'न' हे उपपद आलं की ब दबतो आणि म ऐकू येतो. लिहितात एम-बी-ए-एन, म्हणतात 'मन'. टिपररी परगण्यातला 721 मीटर उंचीचा 'श्लीव्ह न मन' म्हणजे बायकांचा डोंगर. 1914 मध्ये डब्लिनला स्थापन झालेल्या स्त्रियांच्या स्वातंत्र्यवादी संघटनेचं नाव 'कुमन न मन', तेही याच साच्यातलं.

'बॅन्शी' म्हणजे 'ब्यान शी'. 'शी' ही अद्भुत लोकांची टेकडी. तिच्यातली ही बाई, घरात कुणी मरणार असेल तर आधी आक्रोश करणारी. मला स्वतःला 'बनरीन' हा शब्द जास्त आवडतो. 'रीन' एकटंच राणी, आपल्या 'राज्ञी'चं नातलग. तरी आधी 'बन' जोडलंच. आपली राणीबाईच की!